साथरोगांचं गणिती मॉडेल: प्रोजेक्टसाठी विषय सुचवा

खाडीकाठ: रत्नागिरीत एमएस्सी गणित करतोय. एसआयआर मॉडेल (लोकांचे लागण होऊ शकणारे, बाधित आणि बरे झालेले असे तीन गट) वर्गात झालंय. सर म्हणतात, विषय कोकणातलाच घे. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) घेऊ का? पायथन जेमतेम येतं. जाणकारांनी सुचवावं.

आमसूल: लेप्टो नको. तो माणसाकडून माणसाला जवळपास होतच नाही. उंदरा-गुरांच्या मुतातून मळ्यातल्या पाण्यात, तिथून पायाच्या जखमेत. म्हणजे उंदीर आणि पाऊस दोन्ही समीकरणात आले. उंदरांची शिरगणती कोण देणार तुला? दोडामार्गाकडचा माकडताप त्याहून किचकट, त्यात गोचीड.

भरतीओहोटी: गणपतीक चाकरमानी इले की पाठोपाठ घराघरात ताप-खोकलो. ह्याचाच गणित मांड मरे!

आमसूल: अरे, हाच विषय घे! लहान गावात साथ टिकत नाही, बाहेरून पुन्हा यावी लागते. गोवराचं संख्याशास्त्रज्ञ बार्टलेटने १९५७ मध्ये दाखवलं होतं: लस नसताना तो अखंड टिकायला अडीच-तीन लाखांचं शहर लागायचं. फक्त नुसती विकलक समीकरणं (डिफरन्शियल इक्वेशन्स) वापरू नकोस. ती बाधितांचा आकडा ०.३ वर नेतात आणि तिथूनच पुन्हा साथ उठवतात. ०.३ माणूस कुठल्या वाडीत राहतो? संभाव्यतेचं मॉडेल घे.

आर-नॉट (सुरुवातीला एक बाधित सरासरी किती जणांना लागण देतो तो आकडा) २ धर, आजाराचे दिवस घातांकी (एक्स्पोनेन्शियल) वितरणाने. एकच बाधित पाहुणा आला तर साथ न भडकता विझण्याची शक्यता १/२. पाच आले तर १/३२, जेमतेम ३ टक्के. हे हाताने सोडव, मग पायथनमध्ये हजार वेळा चालवून ताडून बघ. तेवढं पायथन पुरतं.

जुनीवही: एसआयआर मॉडेल मांडणाऱ्या केरमॅक-मॅकेंड्रिक यांचा १९२७ चा मूळ पेपर वाचच. त्यातला आलेख मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगच्या मृत्यूंचा आहे. वक्र सुरेख जुळतो, पण उंदीर-पिसवांचं वेगळं समीकरण त्यात नाही. वक्र जुळला म्हणून कारण सापडलं असं नव्हे; व्हायव्हात हे विचारतात.

खाडीकाठ: ठरलं, गणपती! मुंबई एक कप्पा, गाव दुसरा. पण किती माणसं येतात ते कुठून काढू?

आमसूल: एसटीच्या जादा गाड्यांचे आकडे दरवर्षी पेपरात येतात, तिथून सुरुवात कर. रेल्वे आणि खाजगी गाड्या अंदाजाने धर, पण तो अंदाज निम्मा आणि दुप्पट करूनही मॉडेल चालव. उत्तर फारसं हललं नाही, तर नेमक्या आकड्यामागे धावायची गरजच नाही.