पुणे-सातारा हायवेला कारपूल लेन झालीच तर हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांना त्यात सोडावं का?

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)
नमस्कार मंडळी. माझा मेव्हणा कॅलिफोर्नियात असतो, इलेक्ट्रिक गाडी वापरतो. तिकडं हायवेला कारपूल लेन असते, गाडीत दोन आणि काही ठिकाणी तीन माणसं असली तरच त्यातून जायचं, पण कमी प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना स्टिकर मिळायचा आणि मग एकटा माणूस असला तरी चालायचं. ती सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला बंद झाली, आता एकटा त्या लेनमध्ये घुसला की ४९० डॉलरपासून पुढं दंड. तो फार नाराज आहे.
मला प्रश्न आपल्याकडचा पडला. शुक्रवारी संध्याकाळी साताऱ्याकडं यायचं आणि रविवारी परत पुणं गाठायचं हे आपल्या भागातल्या किती पोरांचं ठरलेलं आहे, आणि निम्म्या गाड्यांत बघावं तर एकटा ड्रायव्हर. उद्या इथं अशी लेन आखली तर कमी पेट्रोल खाणाऱ्या गाड्यांना पण त्यात घ्यावं असं माझं मत आहे. माझी स्वतःची हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली गाडी, आहे हे आधीच सांगतो. माणूस चार-पाच लाख जास्त घालून गाडी घेतो तर त्याला काहीतरी मिळायला नको का?

वाईकर_परदेशी
मी बरीच वर्षं तिकडं काढलीत म्हणून थोडं मागचं सांगतो. सुरुवात हायब्रिडपासूनच झाली, २००५ च्या सुमारास. गॅलनला ४५ मैल, म्हणजे आपल्या हिशोबानं लिटरला साधारण १९ किमी देणाऱ्या गाड्या, प्रियस, सिव्हिक हायब्रिड, इनसाइट वगैरे, त्यांना पिवळे स्टिकर. एकूण ८५ हजार स्टिकरांची मर्यादा होती ती भरली, आणि स्टिकर असलेली जुनी प्रियस बिनस्टिकरच्या प्रियसपेक्षा महाग विकली जायची. १ जुलै २०११ ला ते बंद झाले. पुढं पूर्ण इलेक्ट्रिकला पांढरे, प्लग-इनला, म्हणजे प्लग लावून चार्ज करता येणाऱ्या हायब्रिडला, हिरवे असं चालू राहिलं.
हायब्रिडचे पिवळे स्टिकर बंद करायचं कारण गर्दी. तिकडचा केंद्राचा नियमच आहे की त्या लेनमध्ये गर्दीच्या वेळी ताशी ४५ मैल, म्हणजे ७२ किमीच्या आसपास वेग टिकला पाहिजे, नाहीतर राज्याला उपाय करावे लागतात. पण यात एक गोष्ट ऐका, कॅलिफोर्नियातल्याच बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्येच दाखवलं की हायब्रिड बाहेर काढल्यावर रस्ता सुटला नाही उलट सगळ्याच लेन मंदावल्या, कारण त्या गाड्या बाजूच्या भरलेल्या लेनमध्ये आल्या आणि बाजूची लेन रांगायला लागली की कारपूलवालासुद्धा दबकून चालवतो. त्यामुळं सवलत दिली तर किती गाड्यांना आणि कधीपर्यंत हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवा. माझा विरोध नाही.

मिरज_जंक्शन
माझा आहे विरोध, स्पष्ट सांगतो. ती लेन कशासाठी असते? रस्त्यावरच्या गाड्या कमी व्हाव्यात म्हणून. एकटा माणूस हायब्रिडमध्ये बसला काय आणि डिझेलमध्ये बसला काय, रस्त्यावर जागा तेवढीच अडवतो की. आणि अजून एक, हायब्रिडची खरी कमाई ट्रॅफिकमध्ये आहे. थांबत-निघत चालताना मोटर काम करते, ब्रेकमधून बॅटरी चार्ज होते, इंजिन बराच वेळ बंदच. तीच गाडी मोकळ्या लेनमधून शंभरनं पळवली की तो फायदा बराचसा गेला. म्हणजे ज्या गाडीला गर्दीत सगळ्यात कमी पेट्रोल लागतं तिलाच गर्दीतून बाहेर काढायचं, हे मला पटतच नाही.
आमच्याकडं खरं कारपूल म्हणाल तर वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी जीप. एका गाडीत दहा-बारा माणसं. जुनी डिझेल गाडी, धूर सोडती, पण माणशी डिझेल काढा आणि मग एकट्याच्या हायब्रिडशी तुलना करा. लेन द्यायची तर आधी त्याला आणि एसटीला द्या.

कराडची_लेक
वडापवाल्यांचं बरोबर आहे पण दादा, ओळखणार कसं ते सांगा. इलेक्ट्रिकला हिरवी नंबरप्लेट असते, कॅमेऱ्याला पण लांबून कळती. हायब्रिडला पेट्रोलसारखीच पांढरी प्लेट, काचेवर स्टिकर म्हटलं तर तो आठवड्याभरात दुकानात विकत मिळंल. आणि गाडीत माणसं किती हे रात्री काळ्या काचेतून कोण मोजणार? आज हायवेला मोठे ट्रक उजव्या लेनमधून ठाण मांडून चालतात, त्यांना डावीकडं ठेवणं अजून जमलेलं नाही. खंबाटकीच्या घाटात सगळा रस्ता एका बंद पडलेल्या ट्रकनं अडतो, तिथं लेन आखून काय करणार? मला वाटतं पहिली ट्रकची शिस्त, मग एसटीची लेन, बाकीचं नंतर.

अजिंक्यतारा_पायथा
प्लेटचा मुद्दा मान्य, तो मी धरलाच नव्हता. पण मग कमी प्रदूषण करणाऱ्याला द्यायचं तरी काय?

मिरज_जंक्शन
टोल. २२ ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक कारना आणि बसना टोल माफ आहेच की. त्यात रस्त्यावरची जागा कुणाला वाटून द्यावी लागत नाही. आणि २०२५ मध्ये ३ हजाराला निघालेला वार्षिक फास्टॅग पास बघा, २०० फेऱ्या, पेट्रोल डिझेल इलेक्ट्रिक सगळ्यांना एकच दर. आणेवाडी, तासवडेच्या टोलनाक्यावर आपण सगळे तोच पास वापरतो, तिथं गाडी बघून दर कमी-जास्त करा म्हणून मागणी करा. निवेदन लिहिणार असाल तर सांगलीकडच्या सह्या मी गोळा करतो.