मदत हवी आहे : चांदीच्या भरणीचा साठलेला कचरा कुठे द्यावा?

कृष्णाकाठ
दातांतून काढलेल्या जुन्या चांदीच्या भरणीचे तुकडे मी कधीही केराच्या टोपलीत टाकले नाहीत. सगळे एका बरणीत साठवत आलो. पुढच्या महिन्यात दवाखाना नव्या जागेत हलवायचा आहे आणि जैववैद्यकीय कचरा नेणारी गाडी ही बरणी घ्यायला तयार नाही. ‘पिवळ्या पिशवीच्या तळाशी घाला, कोणी उघडून पाहत नाही,’ असे एका सहकाऱ्याने सुचवले, पण ते मनाला पटत नाही. कृपया लवकर मार्ग सुचवावा.

औदुंबर
आपली शंका रास्त आहे. पिवळी पिशवी भट्टीत जाते, अमाल्गमच्या, म्हणजे चांदीच्या भरणीच्या, वजनात जवळपास निम्मा पारा असतो आणि तो वाफ होऊन हवेत मिसळतो. म्हणून भरणी असलेला उपटलेला दातही त्या पिशवीत घालू नये. मात्र आपण गाव लिहिलेले नाही. बरणीत नुसते तुकडे आहेत की मोकळा पाराही आहे? भरणीसाठी तयार कॅप्सूल वापरता की मोकळा पारा खलात घोटता?

हिरवी_वाट
मुळात अमाल्गम वापरायचेच कशाला? पंधरा वर्षांखालील मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांच्यासाठी ते टाळावे, असे पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या मिनामाता करारातील देशांनी २०२२ साली ठरवले. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून काही वैद्यकीय अपवाद वगळता ते थांबवले. मी केव्हाच ग्लास आयोनोमर आणि कॉम्पोझिट या बिनपाऱ्याच्या भरणींकडे वळलो आहे; सर्वांनी वळावे.

माळरान
प्रश्न साठलेल्या कचऱ्याचा आहे. नवी भरणी बंद केली तरी रुग्णांच्या तोंडातली जुनी भरणी वर्षानुवर्षे निघत राहणार, आणि तोंडातले पाणी ओढणाऱ्या सक्शनला सेपरेटर (चुरा अडवणारे उपकरण) नसेल तर तिचा चुरा थेट गटारात जाणार. आयएसओ १११४३ मानकाचा सेपरेटर किमान ९५ टक्के अमाल्गम अडवतो. तसेच सक्शनच्या नळीत क्लोरीनयुक्त ब्लीच ओतू नये, कारण त्याने अडकलेल्या चुऱ्यातला पारा सुटून पाण्यात उतरतो.

हिरवी_वाट
म्हणून तर सुस्थितीतली जुनी भरणीही काढून टाकावी.

माळरान
मुळीच नाही. शाबूत भरणी केवळ चांदीची आहे म्हणून कोरली, तर दाताचा निरोगी भाग जातो आणि पाऱ्याचा कचरा उलट वाढतो.

सई_म
घरी बांबूचे ब्रश वापरल्यास प्लास्टिक कमी होते. आम्ही सर्वजण तेच वापरतो.

कृष्णाकाठ
आभार. दवाखाना सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी आहे. तुकडे कोरडे आहेत. पूर्वी खलात घोटत असू, तेव्हाची मोकळ्या पाऱ्याची एक बाटलीही कपाटात आहे. ती लिहायची राहिली.

औदुंबर
ही बाटलीच सर्वांत महत्त्वाची होती. ती आणि बरणी वेगवेगळी, घट्ट झाकणाची ठेवा, वर ‘पारा’ असे स्पष्ट लिहा आणि खोलीत हवा खेळती राहू द्या. हा कचरा घातक कचऱ्यात मोडतो. त्यामुळे वजन नोंदवून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या साताऱ्यातील कार्यालयाला लेखी पत्र द्या आणि तो स्वीकारण्यास अधिकृत असलेल्या संस्थेचे नाव त्यांच्याकडूनच मागा. तळोजा आणि रांजणगाव येथे घातक कचऱ्याची केंद्रे आहेत, परंतु परस्पर गाडीत घालून नेऊ नका.

कृष्णाकाठ
सोमवारी पत्र देतो. बेसिन मात्र उद्याच काढायचे आहे.

माळरान
मग प्लंबरला आजच थांबवा. खलात घोटण्याच्या काळातला पारा जड असल्याने बेसिनखालच्या पाइपच्या वाकणात साठून राहिलेला असू शकतो. ते वाकण सोडवताना खाली रुंद प्लास्टिकचे घमेले ठेवावे, हातमोजे घालावेत आणि निघालेला गाळ त्याच कचऱ्यासोबत वेगळ्या बरणीत भरावा.