अवतार की सोंग? आणि युरेईला काय म्हणावं?

प्रश्न : जपानी भूतकथा घेऊन काम करणाऱ्या डिजिटल कलावंतांवर लिहितोय. स्क्रीनवरच्या रूपाला 'अवतार' म्हणताना अडखळायला होतं. दुसरा शब्द आहे का? आणि 'युरेई' म्हणजे भूतच ना?

उत्तर : भूत म्हटलं तर चूक नाही, पण फार ढोबळ होईल. युरेई म्हणजे मेलेल्या माणसाचा, काहीतरी मनात राहून गेल्यामुळे इथंच अडकलेला जीव. पांढरं वस्त्र, मोकळे केस, आणि अठराव्या शतकातल्या मारुयामा ओक्योच्या चित्रांशी जोडली गेलेली खूण म्हणजे पाय नसणं. (आपल्या भुतांचे पाय उलटे, त्यांचे गायबच.) वासना उरली म्हणून घुटमळणारा आपला समंध स्वभावानं त्याच्या सर्वांत जवळ आहे. 'योकाई', म्हणजे जपानी लोककथांतले चमत्कारिक जीव, मात्र वेगळे. त्यांत रूप पालटणारा कोल्हा येतो, जिवंत झालेली जुनी छत्रीही येते. त्यांना भूत म्हणू नका.

आता अवतार. जपानीत आज स्क्रीनवरच्या रूपाला 'अबाता' म्हणतात. आपलाच शब्द इंग्रजीमार्गे तिथं पोचला. पण देवानं घेतलेल्या रूपासाठी त्यांचा जुना शब्द आहे 'केशिन'. त्यातलं पहिलं चित्राक्षर 'पालटणं' या अर्थाचं. तेच अक्षर 'ओबाके' आणि 'बाकेमोनो' या भुताखेतांच्या शब्दांत आहे, आणि तेच 'केशो'मध्ये, म्हणजे चेहऱ्याच्या रंगरंगोटीत! देवाचं रूप, भूत आणि मेकअप एका अक्षराखाली नांदतात. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण हे कलावंत नेमके याच तिठ्यावर उभे आहेत. मराठी 'अवतार' तिथं पोचत नाही. तो वरून खाली उतरतो. 'काय हा अवतार करून घेतलायस!' या बोलण्यात तेवढा तो जमिनीवर येतो.

म्हणून माझा कौल 'सोंग'ला. दशावतारात सोंग घेतात, बहुरूपी सोंग आणतो. 2016 मध्ये किझुना आई हे संगणकावर घडवलेलं पात्र यूट्यूबवर आलं, आणि अशा पात्रांमागून बोलणाऱ्याला जपानीत 'नाका नो हितो' म्हणतात, शब्दशः 'आतला माणूस'. मराठीत 'सोंगातला माणूस' म्हणा, कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. सोंगाला ढोंगाचा वास येतो हे मान्य, पण 'सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही' म्हणताना कुणी सोंगाला हिणवत नसतं.

आत कुणीच नसेल तर? 1999 मध्ये पिएर ह्युईग आणि फिलिप पारेनो या फ्रेंच कलावंतांनी अॅनली नावाचं एक मांगा-पात्र (मांगा म्हणजे जपानी चित्रकथा) जपानी कंपनीकडून 46,000 येनला विकत घेतलं, इतर कलावंतांना वापरायला दिलं आणि 2002 मध्ये त्याचे हक्क त्याच पात्राच्या नावे केले. प्रकल्पाचं नाव होतं 'नो घोस्ट जस्ट अ शेल'. 'घोस्ट इन द शेल' या मांगाच्या नावावरचा हा खेळ. तिथला 'घोस्ट' भूत नाही, देहातली जाणीव आहे. त्यामुळे 'भूत नाही, फक्त कवच' हे भाषांतर फसतं. 'जीव नाही, नुसती कुडी' म्हणावं. कोणी आत शिरेपर्यंत अॅनली ही कुडीच आहे. शिरलं की सोंग.

पुन्हा प्रश्न : लू यांग या चिनी कलावंताच्या कामात 'गाकी' येतो. कोशात 'प्रेत' दिलंय. तेच ठेवू?

उत्तर : नको. लू यांग यांनी स्वतःच्या चेहऱ्यावरून 'डोकू' हे डिजिटल रूप घडवलं आणि त्याला बौद्धांच्या सहा गतींतली, म्हणजे पुनर्जन्माच्या सहा अवस्थांतली, सहा रूपं दिली. गाकी त्यांतली एक गती, कायम भुकेलेल्यांची. संस्कृत 'प्रेत' म्हणजे पुढे निघून गेलेला, आणि गाकी हे त्याचंच भाषांतर. पण मराठीत प्रेत म्हणजे मढं. 'भूतप्रेत' या जोडशब्दात तेवढा जुना अर्थ तग धरून आहे. वाचकाला तिरडी दिसेल, भूक दिसणार नाही. 'वखवखलेलं पिशाच' लिहा. जपानी लोक हट्टी पोरांनाही 'गाकी' म्हणतात. तिथं आपलं 'कार्टं' चपखल बसतं.