पेठ-सुरगाण्याचे धक्के : बोअरमुळे की पावसामुळे?

गोदाकाठ : नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, कळवणात दळवटकडे भूकंपाने भांडी वाजतात, ‘सौम्य धक्का, घाबरू नका’ असं कुणीतरी सांगतं आणि आपण विसरून जातो. माझं मत स्पष्ट आहे : जिल्ह्यात बोअर मारमारून भूजल उपसलं, त्याचा हा परिणाम. स्पेनमधलं लोर्का बघा. मे २०११ मध्ये ५.१ चा भूकंप, नऊ माणसं गेली. तिथलं भूजल १९६० पासून सुमारे २५० मीटर खाली गेलं होतं आणि संशोधकांनी भूकंपाचा संबंध त्या उपशाशी जोडला.

काळी माती : भाऊ, उपसा कुठे, धक्के कुठे! द्राक्षबागा आणि बोअर निफाड-दिंडोरीला. सुरगाण्यात धो धो पाऊस पडतो, गुजरातकडे वाहून जातो आणि उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन झऱ्यावर. तिथे उपसायला आहे काय? तुमचं खरं असतं तर आधी निफाड हललं असतं.

खडकफोड्या : दोघंही उपशावरच अडकलात. पाणी वाढूनही धक्के बसतात. भेगांमधल्या पाण्याचा दाब वाढला की खडकाच्या दोन बाजूंची एकमेकींवरची पकड सैल होते आणि आधीच ताणलेला भ्रंश, म्हणजे खडकातली मोठी भेग, सरकतो. अमेरिकेत रेंजलीच्या तेलक्षेत्रात १९६९ ते १९७३ दरम्यान हा दाब मुद्दाम वाढवून-उतरवून पाहिला, धक्केही तसेच वाढले-घटले. कोयना तर घरचीच, धरण भरल्यानंतरचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप. त्यामुळे पावसाळ्यानंतर धक्के आले की मला बोअरपेक्षा मुरलेल्या पाण्याचा संशय येतो.

काळी माती : कोयनेचं धरण शंभर मीटरच्या वर उंच आहे हो! आपल्या विहिरीला पावसाळ्यात पाच मीटर पाणी चढलं तर दाब वाढला जेमतेम अर्धा बार. भूकंपाचं केंद्र असतं काही किलोमीटर खाली. तिथवर त्यातलं किती पोचणार?

खडकफोड्या : भ्रंश सुटायच्या बेतात असेल तर थोडंही पुरतं. मात्र आपल्या बेसाल्टमध्ये वरच्या भेगा खालपर्यंत जोडलेल्या हव्यात. सगळीकडे तशा नसतात, एवढं मान्य.

गोदाकाठ : मग पडताळा ना. भूजल सर्वेक्षणवाले निरीक्षण विहिरी मोजतात, नाशिकच्या मेरी या सरकारी संशोधन संस्थेत धक्क्यांची नोंद होते. दोन्ही तारखा शेजारी मांडा.

काळी माती : विहिरी मोजतात वर्षातून चार वेळा, धक्क्यांची माळ आठवड्यात येऊन जाते. काय दिसणार त्यात, कपाळ? पेठ-सुरगाण्यात रोजची पातळी नोंदणारी यंत्रं बसवा, मग बोलू. तोवर बोअरवाल्या शेतकऱ्यांच्या नावाने शिमगा नको.