आयसीयूत कागदी कप रचून संवाद सुधारतो?

रातपाळी:
परवा इथे एका ट्रेनर महाशयांनी लिहिलं की आयसीयूतल्या निम्म्या भानगडी ‘बोलता येत नाही’ म्हणून होतात. दोन तास खेळ घ्या, स्टाफ मोकळा होतो, सिस्टर लोक डॉक्टरांपुढे तोंड उघडायला लागतात. खाली वाहवा करणारे पुष्कळ. तिथे दोन ओळींत भागेना म्हणून हा वेगळा धागा.

मी 19 वर्षं मेडिकल आयसीयूत आहे. असले खेळ खेळून झालेत माझे. नाईट करून सकाळी आठला ओव्हर दिली, म्हणजे पेशंट पुढच्या पाळीला सोपवले, आणि घरी जायचं सोडून सेमिनार हॉलमध्ये. डोळ्यांना पट्टी, हातात कागदी कप, जोडीदार सांगणार ‘डावीकडे, अजून डावीकडे’. माझी जोडीदार बिलिंगची मुलगी. कप पडले की सगळ्यांनी हसायचं. मग सर्टिफिकेट, ग्रुप फोटो, आणि तो फोटो एनएबीएचच्या, म्हणजे हॉस्पिटलला दर्जाचा शिक्का देणाऱ्यांच्या, फायलीत. त्याच रात्री परत ड्यूटी: अकरा पेशंट, सहा व्हेंटिलेटरवर, आम्ही तिघी. व्हेंटिलेटरच्या पेशंटला एकास एक नर्स, हे पाठ करून पास झालोय आम्ही. मग संवाद होतो तो एवढाच: ‘अगं, सात नंबरचा औषधाचा पंप वाजतोय, बघ.’

तोंड उघडत नाही म्हणे. उघडल्यावर काय ऐकून घ्यावं लागतं, ते पण एकदा खेळून दाखवा.

भूलवाला:
सिस्टर, कपांचा राग सगळ्याच खेळांवर काढताय. 27 मार्च 1977, टेनेरिफ बेटावरचा विमानतळ. धुक्यात केएलएमचं जम्बो परवानगी नसताना धावायला लागलं. फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, समोरचं पॅन ॲमचं विमान धावपट्टीवरून हटलंय ना? कॅप्टन कंपनीतला बडा माणूस, त्याने ठासून ‘हो’ म्हटलं. इंजिनिअर गप्प बसला. 583 माणसं गेली. ज्ञान कोणाचं कमी नव्हतं. त्यानंतर विमानवाल्यांनी सिम्युलेटरमध्ये बसवून धाकट्याला टोकायला आणि थोरल्याला ऐकायला शिकवलं. तोही खेळच.

रातपाळी:
पायलटला ड्यूटीनंतर सक्तीची विश्रांती असते हो. ते शिकलात का त्यांच्याकडून?

जेआर_दोन:
मी ज्युनिअर रेसिडेंट, 30 तास उभा आहे, विश्रांतीचं आम्हाला नका सांगू. पण सिस्टर लोकांना एसबार ही निरोप द्यायची पद्धत शिकवायलाच हवी. पहाटे तीनला फोन: ‘सर, पाच नंबर बरा नाही वाटत, या.’ बरा नाही म्हणजे काय? बीपी किती, यूरिन किती, काय चालू आहे? काहीच नाही. परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, मागणी, चार वाक्यं आहेत फक्त.

रातपाळी:
बीपी सांगितलं की म्हणता ‘रिपीट करा’. सॅच्युरेशन सांगितलं की ‘प्रोब बदला’. मग उरलं काय सांगायला? ‘बरा नाही वाटत’ हे 19 वर्षांचं मोजमाप आहे बाळा. पुढच्या वेळी ये, मग बोलू.

जेआर_दोन:
‘बाळा’? मी तुम्हाला ‘अगं’ म्हटलं तर चालेल?

रातपाळी:
म्हणतातच की. तुझ्याहून लहान असलेले इंटर्न म्हणतात.

मराठीचा_पुरस्कर्ता:
मुळात ‘सिस्टर’ कशाला? परिचारिका हा सुंदर शब्द आहे. ओव्हर, नाईट, पंप… संवादाचं शिक्षण स्वभाषेपासून सुरू व्हावं.

जेआर_दोन:
‘अहो परिचारिका, कृत्रिम श्वसनयंत्र सुटलं’ एवढं म्हणेपर्यंत पेशंट जाईल काका.

मामांचा_मुलगा:
हाक मारण्यावरून निघालंच आहे तर माझंही ऐका. माझे वडील 31 वर्षं वॉर्डबॉय होते, त्यातली शेवटची बारा आयसीयूत. सगळे ‘मामा’ म्हणायचे. निरोपाच्या दिवशी केकवर पण ‘मामा’. नाव कोणालाच माहीत नव्हतं, केक आणणाऱ्यालाही नाही. एकदा पेशंटला कुशीवर वळवताना त्यांना दिसलं की तोंडातली श्वासाची नळी दोन बोटं बाहेर आली आहे. ‘डॉक्टर, नळी सरकली वाटतं’ म्हणाले, तर उत्तर आलं, ‘मामा, तुम्ही चादर धरा.’ पाच मिनिटांत सॅच्युरेशन घसरलं आणि पळापळ झाली. नंतर कोणी काही बोललं नाही. त्या ट्रेनिंगला मामा-मावश्यांना कधी बोलावलं होतं का, तेवढं सांगा.

भूलवाला:
नाही. आमच्याकडेही नाही.

रातपाळी:
मामा म्हणण्यात आपलेपणा असतो हो, अपमान नसतो.

मामांचा_मुलगा:
मग कन्सल्टंटना काका म्हणून बघा एकदा. आपलेपणाने.

मराठीचा_पुरस्कर्ता:
काका हा शब्द मराठीत खरं तर

जेआर_दोन:
काका, प्लीज.

बेड_सातचे_नातेवाईक:
तुम्ही आपापसात कसं बोलता यावरच सगळं चाललंय. माझी आई नऊ दिवस आत होती. रोज अकराला दोन मिनिटं, उभ्या उभ्या. ‘क्रिटिकल बट स्टेबल.’ याचा अर्थ मला अजून कळलेला नाही. सातव्या दिवशी एक डॉक्टर म्हणाले सुधारणा आहे, संध्याकाळी दुसरे म्हणाले कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. मी भावाला दुबईहून बोलावू की नको? शेवटी एका सिस्टरनी खुर्ची ओढली, बसल्या आणि म्हणाल्या, बोलावून घ्या. भाऊ पोचला. त्या बाईंना हे कोणत्या खेळात शिकवलं होतं?

रातपाळी:
कुठल्याच नाही. आणि ते सांगितल्याबद्दल दुसऱ्या दिवशी तिने बोलणी खाल्ली असणार. प्रोग्नोसिस, म्हणजे पेशंटचं पुढे काय होणार, ते सांगायचा अधिकार आम्हाला नाही.

भूलवाला:
थोडं मूळ मुद्द्यावर येऊ द्या. आम्ही काय करतो ते सांगतो, मग शिव्या घाला. रिकामा बेड, खरा पंप, सिरिंजमध्ये नुसतं सलाईन. ओव्हर देणाऱ्याच्या हातात चिठ्ठी: नॉरॲड (बीपी वाढवणारं औषध) डबल स्ट्रेंग्थ, 50 मिलीत 8 मिलिग्रॅम, ताशी 5 मिली. तो घाईत म्हणतो, ‘नॉर पाचवर.’ घेणारी पुढची सिरिंज सिंगल भरते, 4 मिलिग्रॅमची. पंपावर आकडा तोच पाच, औषध निम्मं. मी टॅबलेटवरून मॉनिटरचं बीपी खाली आणत जातो. सगळे सेप्सिस, ब्लीडिंग, हार्ट शोधत बसतात, लेबल कोणी वाचत नाही. मागच्या वेळी अदलाबदलही केली: कन्सल्टंट झाले सिस्टर, सिस्टर झाल्या कन्सल्टंट. सिस्टर झालेले सर सांगताहेत, बीपी पडतंय मॅडम. कन्सल्टंट झालेल्या सिस्टर मोबाईलमधून मान वर न करता म्हणाल्या, ‘रिपीट करा.’ सगळे हसले. ते सर नाही हसले.

रातपाळी:
सिंगल-डबलचं माझ्या हातून झालंय, 2011 मध्ये. पेशंट वाचला. मेमो मिळाला, आणि ‘नॉर पाचवर’ म्हणून ओव्हर देणारीला कोणी विचारलंही नाही. त्यामुळे तुमचा हा खेळ चालेल, नाइलाजाने म्हणते. पण ड्यूटीच्या वेळात, बदली स्टाफ देऊन. फोटोग्राफर नको. मामा-मावशी पण खेळात, नावाने. आणि मी कन्सल्टंट होणार.

जेआर_दोन:
मी नातेवाईक होतो. निदान खुर्ची मिळेल.

बेड_सातचे_नातेवाईक:
नाही मिळत.