जानेवारीतली ३०० किमी मिक्स्ड टेरेन रेस, हायब्रीडवर जमेल का?

सातपूरचा_शिफ्टवाला

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा विचारतोय. जानेवारीत ३०० किमीची एक मिक्स्ड टेरेन रेस आहे, नाव द्यायचं चाललंय. रूट अजून पूर्ण दिला नाहीये पण साधारण १६० डांबरी आणि १४० कच्चा असं सांगितलंय, कच्चा म्हणजे कालव्याकडेचे रस्ते, मुरूम, शिवारातल्या पाणंदी, आणि एकदोन ठिकाणी सायकल खांद्यावर घ्यावी लागेल म्हणे. वेळ २४ तास. क्रू चालणार नाही, मागे गाडी नाही, जे काय ते आपलं आपण.

माझी परिस्थिती अशी की बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईड) २०० आणि ३०० झाल्यात, ३०० ला वीस तासांची मुदत असते त्यात आरामात बसलो. सायकल साधी हायब्रीड (सरळ हँडलवाली), डिस्क ब्रेक, ३५ मिमीचे टायर ट्यूबवाले, गिअर पुढे तीन मागे आठ. मित्र म्हणतो ग्रॅव्हल बाईक (कच्च्या रस्त्यासाठीची रेस सायकल) घेतल्याशिवाय तिकडे फिरकूच नको, आता तो लाख-सव्वा लाखाचा विषय आहे आणि घरी नुकताच नवीन फ्रिज आलाय, त्यामुळे तो विषय सध्या काढायचीच सोय नाही.

तर हायब्रीडवर जमेल का, टायर कोणते टाकू, प्रॅक्टिस कुठे करू (रविवार मोकळा असतो, बाकी शिफ्टवर अवलंबून). आणि नुसतं पूर्ण करायचं नाहीये हो, जरा रेस म्हणून उतरायचंय, पहिल्या पाचात वगैरे नाही पण मधल्या गर्दीच्या पुढे तरी.

कार्बन_भाऊ

मित्र बरोबर सांगतोय. रेस म्हणताय ना, मग रेसची सायकल हवी. ड्रॉप हँडल (खाली वळलेलं), ४५ चे टायर, वजन १० किलोच्या आत. हायब्रीड १३-१४ किलोची, ती खांद्यावर घेऊन चढ चढलात की कळेल. ईएमआयवर घ्या.

रँडो_काका

कार्बन भाऊ तुमचं दरवेळी ईएमआयवरच येऊन थांबतं.

शिफ्टवाले, तुमची सायकल चालेल. पुढे तीन चकत्या आहेत म्हणताय, बहुतेक ४८-३८-२८ दातांच्या असतील, मागची मोठी ३२ किंवा ३४. म्हणजे २८ ला ३२, पेडलचा एक फेरा मारला तर चाक एक फेरासुद्धा पूर्ण फिरत नाही. मुरमाच्या चढाला बसून पेडल मारायला हेच लागतं, उभं राहिलात की मागचं चाक जागीच फिरायला लागतं. कित्येक महागड्या ग्रॅव्हल बाईकींना एवढा हलका गिअर नसतो.

आता मुद्दा असा की बीआरएमचा हिशोब डोक्यातून काढा. तिथे ताशी १५ चा सरासरी पकडला की काम होतं, एका लयीत जाता येतं. इथे दोन सायकल स्पर्धा एकात आहेत असं धरा. डांबरीवर २२ ने गेलात तर १६० ला सव्वासात तास. कच्च्यात १२ मिळाले तरी चांगलं म्हणायचं, १४० ला पावणेबारा. झाले एकोणीस. राहिले पाच, पुरेसे वाटतात ना? दर २० किमीला थांबायचं, पाणी भर, फोन बघ, जॅकेट काढ, फोटो, १० मिनिटं. असे पंधरा थांबे म्हणजे अडीच तास गेले आणि त्यात पंक्चर धरलेलंच नाही, रात्रीचं जेवण नाही, रस्ता चुकणं नाही.

बरं हे वाचवायचे कसे. कच्च्यातला वेग १२ चा १३ करायला महिनोन्महिने घाम गाळाल, त्याने वाचतात ५४ मिनिटं, हिशोब करून बघा. तेच थांबे निम्मे केले तर सव्वा तास वाचतो आणि त्याला ताकद काहीच लागत नाही. खाणं पुढच्या बॅगेत हाताशी, जॅकेट चालता चालता काढता आलं पाहिजे, पाणी दोन बाटल्या नाही तर तीन. मधल्या गर्दीच्या पुढे जायचं ना, तर गर्दी जिथे टपरीवर बसलेली असते तिथून जायचं.

एकच जागा आहे जिथे जोर लावायचा. सुरुवातीचं डांबरी संपून पहिला कच्चा लागतो त्याच्या आधीची पाचसहा किलोमीटर. सगळे तिथे पळतात कारण पाणंद अरुंद, पुढच्याला ओलांडता येत नाही आणि मागे राहिलात तर सगळ्यांचा फुफाटा तोंडात. तेवढं पळा, मग परत आपल्या चालीवर या.

निफाडची_थंडी

काकांचा हिशोब पटला पण त्यात जमीन कुठली ते नाही आलं. आपल्या नाशिक जिल्ह्यात कच्चा म्हणजे एकच नाही ना दादा. पश्चिमेला त्र्यंबक, पहिने, घोटी, वाघेरा घाट तिकडे मुरूम, दगड आणि चढ. पूर्वेला निफाड, येवला, सिन्नरचा खालचा भाग, तिकडे चढ नाही पण काळी माती आणि काटे. रूट कळला की आधी हे बघा मग टायर ठरवा.

काट्यांचं सांगते कारण मी रोज त्यातच चालवते. बाभळीचा काटा दिसतो तरी, सराटा दिसत नाही. पावसाळ्यात कालव्याच्या कडेला ती पिवळ्या बारीक फुलांची वेल पसरते, हिवाळ्यात वाळते आणि तिची बी अशी टणक होते की कशीही पडली तरी एक टोक वर. एकदा त्या पट्ट्यातून गेलं की टायरला एक नाही दहाबारा चिकटलेले असतात. ट्यूबवर हा प्रकार जमणारच नाही, ट्यूबलेस करा. कडेने चालवायची सवय असेल तर ती सोडा, ट्रॅक्टरच्या चाकोरीतून चालवा, तिथे चाकं फिरून फिरून काटे चेचलेले असतात.

आणि काळी माती. कोरडी असली तर सिमेंटच्या रस्त्यासारखी पळते. पण जानेवारीत अवकाळी पडला, किंवा शेतकऱ्याने रात्रीच्या लाइटीत पाणी सोडलं आणि पाट फुटून रस्त्यावर आलं, की संपलं. दोन फेऱ्यात चाक आणि फ्रेमच्या मध्ये माती गच्च बसते, चाक फिरतच नाही. २०२३ ला अमेरिकेत कॅन्ससच्या अनबाउंड ग्रॅव्हलला हेच झालेलं, २०० मैलांची रेस, सुरुवातीच्याच टप्प्यात चिखल लागला आणि चांगले चांगले प्रो सायकल खांद्यावर टाकून चिखलातून चालत होते. ज्यांनी जबरदस्तीने पेडल मारलं त्यांचे मागचे डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) तुटले. बघितलेल्या लोकांनी सांगितलेलं एकच औषध म्हणजे रंग ढवळायची चपटी लाकडी पट्टी, तिने माती खरवडायची. मी बांबूची कामटी तासून फ्रेमला रबराने बांधून ठेवते. म्हणून टायर फार रुंद टाकू नका, फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना बोटाचं पेर जाईल एवढी तरी फट राहू द्या. ४५ घुसवला आणि फटच उरली नाही तर कोरड्यात राजा, ओल्यात हमाल.

थंडीचंही बघा, निफाडला जानेवारीत पहाटे पारा पाच-सहापर्यंत उतरतो, कालव्याकाठी तर अजून बोचतं. हातमोजे पूर्ण बोटांचे.

पाना_नंबर_१०

ताईंनी माझं अर्धं काम केलं. दुकानात बसून टाईप करतोय म्हणून तुटक लिहितो.

३८ टाका, मधे गुळगुळीत बाजूला गोट्या असा पॅटर्न. रिम ट्यूबलेसला चालतो का ते आधी दाखवून घ्या, जुन्या हायब्रीडचे सगळे रिम चालत नाहीत. नाही चालला तर ट्यूबमध्ये सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) भरता येतं, व्हॉल्व्हची पिन निघणारी ट्यूब घ्या. ट्यूबलेसइतकं चांगलं नाही पण सराट्याला पुरतं. हवा ३५-४० पीएसआय, तुमचं वजन सत्तर किलोच्या आसपास धरून. ट्यूबवर असाल तर थोडी जास्त ठेवा नाहीतर दगडावर आपटून रिमने ट्यूब चावली जाते, शेजारी शेजारी दोन भोकं दिसली की समजायचं हेच झालंय. सीलंट आपल्याकडच्या उन्हात दोनतीन महिन्यात वाळतं, रेसच्या आधी नवीन टाका.

आता महत्त्वाचं. ट्यूबलेसला मोठा चीर गेला, सीलंटने बुजला नाही, डोरी (भोकात खुपसायची चिकट दोरी) पण बसली नाही, मग लोक काय करतात तर टायर उघडून आत ट्यूब टाकतात आणि हवा भरतात आणि दोन मिनिटात परत फुस्स. कारण सीलंटने बुजवलेले जुने सगळे काटे टायरमध्ये तसेच असतात, टोकं आतल्या बाजूला. ट्यूब टाकायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवा, हळू, रुमाल गुंडाळून, आणि एकेक काटा नखाने किंवा चिमट्याने काढा. एकदा माझ्यासमोर एका टायरमधून मूठभर निघालेत, आणि तो गडी आधी दोन ट्यूब घालवून बसला होता.

डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) जास्तीचा ठेवा. प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, रात्री दोन वाजता वडांगळीत नाही मिळणार, नाशकात पण मागवावा लागतो. आत्ताच मागवा. चेन लिंक दोन. जुन्या टायरचा चार बोटं तुकडा, टायरच फाटला तर आतून लावायला.

लाइट हँडलवरच पाहिजे. नुसती हेल्मेटवर असली तर डोळ्याच्या रेषेत पडते, खड्ड्याची सावलीच दिसत नाही, सगळं सपाट वाटतं आणि मग पडता.

सातपूरचा_शिफ्टवाला

बाप रे, एवढं कुणी सांगेल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. मागच्या चाकात आत्ता लगेच बोट घालून बघितलं, ३८ आरामात बसेल असं दिसतंय. रिम उद्या दाखवतो.

अजून दोन शंका. बीआरएमला पण मला साधारण १५० नंतर डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं, कच्च्यात तर अजून होणार. मित्र म्हणतो निघताना एक पेनकिलर घ्यायची आणि मग दर सहा तासाला. दुसरं म्हणजे खाणं, जेल खूप महाग आहेत आणि मला सहन पण होत नाहीत.

मणका_आणि_मी

पेनकिलरवर आधी बोलते, फिजिओ आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या लांबच्या राईडमध्ये आधीपासून घेऊ नका. शरीरात पाणी कमी पडलेलं असतं, किडनीकडे रक्त आधीच कमी जात असतं, त्यात ही गोळी ते आणखी कमी करते. शिवाय रिकाम्या पोटी ॲसिडिटी. मित्राला हे पण दाखवा.

करंगळी आणि अनामिका म्हणजे अल्नर नर्व्ह, तळहाताच्या बाहेरच्या कडेवर भार पडून दबते. सरळ हँडलला हात ठेवायला एकच जागा असते हा हायब्रीडचा खरा तोटा (कार्बन भाऊ, एवढा एक गुण तुम्हाला). बार-एंड (हँडलच्या टोकांना लावायची शिंगं) लावून घ्या, स्वस्तात होतं, आणि तळहाताला आधार देणाऱ्या चपट्या ग्रिप. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर सगळं वजन हातावर येतं, ते सपाट करा. दर पंधरावीस मिनिटांनी हात बदला, घड्याळात कंप लावून ठेवा. रेसनंतर आठवडाभरात बधिरपणा गेला नाही किंवा पकड ढिली वाटली तर दाखवा, अंगावर काढू नका.

खाणं तासाला ६० ग्रॅम कार्बच्या आसपास. जेल कशाला, दोन केळी म्हणजे जवळजवळ तेवढंच झालं. खजूर, राजगिऱ्याचे लाडू, गूळपोळी तुकडे करून. फक्त शेंगदाण्याची चिक्की चढाच्या आधी नको, चावता चावता दम लागतो. रात्री गोडाची किळस येते तेव्हा उकडलेला बटाटा मीठ लावून. पाण्याची एक बाटली साधी, एक ओआरएसची, पाकीट लिटरचं असेल तर लिटरभरातच घाला. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पीत नाहीत आणि उलट काही जण नुसतं साधं पाणी ढोसतात, मग सोडियम खाली जाऊन गरगरतं. दोन्ही नको. आणि हे सगळं प्रॅक्टिसला खाऊन बघा, रेसच्या दिवशी पोटाला नवीन काही दाखवायचं नाही.

कार्बन_भाऊ

एक गुण मिळाला, चालेल 😀 पण क्रूशिवाय म्हणजे नक्की काय, मित्र वाटेत चहा घेऊन उभा राहिला तर?

रँडो_काका

बाद. नाशकात अल्ट्रा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) येते, साहजिक आहे, नाशिकच्याच डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ ला दोघांच्या टीमने केली, मग २०१७ ला नाशिकमध्येच राहणारे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी सोलो पूर्ण केली. पण ती ४८०० किमी डांबरी, आणि मागे गाडी, क्रू, मसाज, सगळं. हा प्रकार टूर डिव्हाइडच्या वळणाचा. कॅनडातल्या बॅन्फपासून मेक्सिकोच्या हद्दीपर्यंत, बराचसा कच्चा, साधारण ४४०० किमी. तिथला दंडक असा की जी मदत प्रत्येक स्पर्धकाला मिळू शकते तेवढीच घ्यायची. हॉटेल, टपरी, पंक्चरचं दुकान, चालेल, ते सगळ्यांना उघडं आहे. तुझा मित्र फक्त तुझ्यासाठी चहा आणतो, तो नाही चालणार. तुमच्या आयोजकांचे नियम नीट वाचा, एकमेकांना ट्यूब दिलेली चालते का हे दर ठिकाणी वेगळं असतं.

निफाडची_थंडी

प्रॅक्टिसचं राहिलंच. एक रविवार पश्चिमेला करा, गिरणारे, वाघेरा घाट, हरसूल, त्र्यंबक, परत, चढाला पाय तयार होतील. पुढचा पूर्वेला, नांदूरमध्यमेश्वरला या. बंधाऱ्यापासून गोदावरीचे डावा आणि उजवा दोन्ही कालवे निघतात, कडेने कच्चा रस्ता, हवं तेवढं सपाट मिळेल आणि सराटे तर विचारू नका. पक्षी बघायला आलेल्या गाड्या असतात सकाळी, तेवढं सांभाळून. सेकंड शिफ्टनंतर रात्रीची प्रॅक्टिस करणार असाल तर एकट्याने नको, ऊसाच्या ट्रॉल्या मागे लाल दिवा न लावता उभ्या असतात आणि मळ्यातली कुत्री वेगळीच.

सातपूरचा_शिफ्टवाला

नाव देऊन टाकलं आत्ता! येत्या रविवारी नांदूरमध्यमेश्वर पक्कं, तोपर्यंत टायर झालेले असतील. ताई तुम्ही असाल का तिकडे, थोडा रस्ता दाखवला असता.

निफाडची_थंडी

असेन, सातला बंधाऱ्यावर या. हवा घरूनच कमी करून येऊ नका, नाशिकपासून सगळं डांबरी आहे, इथे आल्यावर काढू. आणि पंप स्वतःचा आणा, माझा मिळणार नाही, आत्तापासूनच सवय लावा 😄