मदत हवी आहे: खलनायकांच्या टोळीतली धुसफूस दाखवणारी मुलाखत

नमस्कार मंडळी. यंदा पुरुषोत्तम करंडकासाठी आमच्या कॉलेजची एकांकिका मी लिहितेय. विषय आहे व्यावसायिक कुस्तीतली खलनायकांची टोळी. शेवटचा दगा लिहून झालाय, अडलंय ते त्याआधीच्या मुलाखतीवर.

डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीच्या कार्यक्रमांत दगा खूप ठळक असतो. २००४ मध्ये समरस्लॅम या वार्षिक कार्यक्रमात ‘इव्होल्यूशन’ टोळीतला रँडी ऑर्टन चॅम्पियन झाला आणि दुसऱ्याच दिवशी ‘रॉ’ या साप्ताहिक कार्यक्रमात टोळीतल्याच बटिस्टाने त्याला खांद्यावर घेतलं असताना म्होरक्या ट्रिपल एचने अंगठा खाली केला, म्हणजे त्याच्यावर उलटायची खूण केली. २०२४ च्या समरस्लॅमला ‘जजमेंट डे’ टोळीत फिन बॅलरमुळे साथीदार डेमियन प्रीस्टचा बेल्ट, म्हणजे विजेतेपद, गेला, आणि त्याच रात्री त्याच टोळीतल्या डॉमिनिकनेही रिया रिप्लीला फसवलं. पण मला खरी गंमत वाटते ती त्याआधीच्या, बॅकस्टेजच्या बोलण्यात. प्रश्न एकाला विचारला आणि उत्तर दुसऱ्यानेच दिलं, किंवा ‘आम्ही’ म्हणता म्हणता कुणी ‘मी’ म्हणून गेला, की पोटात गोळा येतो. भांडण कुठेच नाही, तरी सगळं कळतं!

तर जजमेंट डे किंवा इव्होल्यूशनच्या अशा मुलाखती कुणाला आठवतात का? साधारण कुठल्या महिन्यातला रॉ, एवढं सांगितलं तरी चालेल, बाकी मी शोधेन. आणि पुण्यात कुणी जुने चाहते असतील, तर आमच्या तालमीला येऊन तो प्रवेश बघाल का? मुलाखत घेणाऱ्याला ताण कळतोय असं दाखवावं की नाही, यावर आमच्यात एकमत होत नाहीये. माझ्या मते दाखवू नये; प्रेक्षकाला आधी कळायला हवं.